बांधावरच्या गप्पा : बाभळीचा वाडगा



गेल्या महिन्यात एका गावी रब्बीच्या पिकांची बैठक होती. बियाणे, बीजप्रक्रिया, खते असे सगळे बोलून झाले, चहा आला, आणि एका तरुण शेतकऱ्याने चारचौघांत विचारले, "भाऊसाहेब, तुम्ही म्हणे रविवारी घरी बसून लाकडाचे वाडगे करता. खरं का?"

सगळे हसले. मीही हसलो. "खरं आहे," म्हणालो.

लगेच दुसऱ्याने विचारले, "मग एका वाडग्यामागं सुटतं किती?"

एकरी खर्च किती, उत्पन्न किती, पदरात काय पडते, या प्रश्नांना उत्तरे देण्यात माझी नोकरी गेली. या प्रश्नाला मात्र त्या दिवशी धड उत्तर देता आले नाही. मोटारसायकलवरून परत येताना वाटले की, यावर एकदा सविस्तर लिहावे. म्हणून आज पिकांना सुट्टी.

लाकडाचे भांडे आपल्याला नवे नाही

नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या घराघरांत पूर्वी काठवट होती. ज्वारी-बाजरीचे पीठ त्यात मळायचे, भाकरी त्यातच थापायची. एका अखंड लाकडाची ती उथळ परात. सासूने वापरलेली काठवट सुनेच्या हाती यायची. पुढे अ‍ॅल्युमिनियमची नि स्टीलची परात आली आणि काठवट माळ्यावर गेली.

दुसरे भांडे शेतातले, ते म्हणजे पाभरीचे चाडे. चाड्यावर मूठ धरणारा माणूस म्हणजे घरातला जाणता माणूस. मुठीतून बी सुटायचे, चाड्याच्या भोकांतून नळ्यांत नि नळ्यांतून सरीत पडायचे. ट्रॅक्टरची पेरणीयंत्रे आली आणि चाडेही गेले.

ही दोन्ही भांडी कोरीव. वाकस नि पटाशी घेऊन सुतार ती कोरून काढायचा. मी करतो तो वाडगा कातीव. लेथवर लाकूड गरगर फिरते आणि आपण पटाशी स्थिर धरायची. कुंभाराच्या चाकावर चिखल फिरतो तसेच हे. मात्र येथे एकदा निघालेला कपचा परत लावता येत नाही. पोळपाट, लाटणे, पाळण्याचे दांडे, पोरांचे भोवरे हे सारे कातकामच. ज्यांचा हा पिढीजात धंदा, ते कातारी.

मला हा नाद कसा लागला

आमच्या शेताच्या बांधावर एक जुनी बाभूळ होती. वडिलांनी ती लावली नव्हती. आपोआप उगवली होती. पण शेळ्या खाऊ नयेत म्हणून त्यांनी तिच्याभोवती काटे लावून ती राखली होती. तिच्या सावलीत ज्वारीची दोन-तीन काकरे खुजी राहत, कणसे लहान पडत आणि फांद्यांवर बसलेली पाखरे दाणे टिपत. बांधावरचे झाड काढा, असे मी बैठकांतून सांगत असे. मग स्वतःच्या बांधावर वेगळे कसे वागायचे? एका उन्हाळ्यात ती पाडली आणि जळणाच्या व्यापाऱ्याला निरोप धाडला.

व्यापारी येण्याआधी गावचे म्हातारे सुतार तिकडून चालले होते. आम्ही सगळे त्यांना बाबाच म्हणतो. ते पडलेल्या बुंध्यावर बसले. हाताने साल चाचपली. म्हणाले, "भाऊसाहेब, इकायच्या आधी ह्यात काय काय हाय ते बघितलं का?"

"काय असणार बाबा? जळण आहे."

"हे बघा. ह्या सरळ बुंध्यात दोन चाडी हायेत. ह्या वाकणात वखराचं खोड हाय. आन् फाटा फुटलाय तिथं चांगली रुंद काठवट निघती. तुमच्या वडलांना इचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं."

आता वडील नव्हते. मी कृषीचा पदवीधर. बाभळीचे शास्त्रीय नाव, तिचा डिंक, कातडी कमवायला लागणारी तिची साल, हे सारे परीक्षेत लिहिलेला माणूस. पण पडलेल्या झाडात काय आहे ते मला दिसत नव्हते. अक्षर ओळख नसलेल्या त्या माणसाला ते दिसत होते. मी बुंधा ठेवून घेतला आणि फक्त फांद्या विकल्या.

चाडे आता कोणाला नको होते. बाबांनी तरुणपणी दोरीच्या लेथवर लाटणी, भोवरे नि पाळण्याचे दांडे कातले होते. एकाने दोरी मागेपुढे ओढायची, दुसऱ्याने पटाशी धरायची. लाकूड एकदा पुढे फिरणार, एकदा मागे. पुढे फिरेल तेव्हाच कापायचे. मी तालुक्याच्या गावी एका वर्कशॉपमधून जुनी अर्ध्या अश्वशक्तीची सिंगल फेजची मोटर, पट्टा, पुली नि बेअरिंग जोडून एक साधे लेथ करून घेतले. बाबा शेजारी खाटेवर बसून सांगत, मी करीत असे.

पहिला वाडगा फुटला

बाभूळ पाडून पंधरा दिवस झाले नव्हते तोच मी वाडगा कातला. ओले लाकूड मऊ लागते, त्याच्या लांबच लांब फिती निघतात. आतला तांबूस गाभा नि बाहेरचा फिका पट्टा असा तो वाडगा देखणा दिसत होता. घरात कौतुक झाले. मंडळींनी त्यात ज्वारीच्या लाह्या ठेवल्या. वैशाखाचे ऊन होते. चौथ्या रात्री 'टच्च' असा आवाज झाला. सकाळी पाहतो तो वाडगा काठापासून बुडापर्यंत उकललेला.

बाबांना दाखवला. ते म्हणाले, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. लाकडाला वाळू तर द्यायचं!"

यामागचे शास्त्र मी नंतर वाचून काढले, ते थोडक्यात सांगतो. ओल्या लाकडात दोन प्रकारचे पाणी असते. एक पोकळ्यांतले मोकळे पाणी. ते गेल्याने लाकूड हलके होते, पण आकसत नाही. दुसरे पेशींच्या भिंतीत मुरलेले. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांच्या खाली ओलावा गेला की हे पाणी निघू लागते आणि तेव्हापासून लाकूड आकसते. तेही सगळीकडून सारखे नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. गाभ्यापासून सालीकडे थोडे. आणि वर्तुळाकार रेषेत त्याच्या सुमारे दुप्पट. एका बाजूने जास्त, दुसऱ्या बाजूने कमी, म्हणजे ताण आलाच. बुंध्याच्या अगदी मधला बिंदू भांड्यात राहिला असेल तर तो ताण तेथून फुटतो. माझ्या वाडग्याच्या बुडाशी नेमका तोच राहिला होता.

करायचे कसे

ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी क्रमाने सांगतो.

बुंध्याची लांबी त्याच्या जाडीपेक्षा थोडी जास्त ठेवून ओंडका कापावा. मग तो मधोमध, गाभ्यातून, उभा चिरावा. दोन फाका होतात. दोन्हींचा गाभ्याचा दोन बोटे पट्टा काढून टाकावा. एका फाकेचा एक वाडगा. लगेच कातणार नसाल तर कापलेल्या दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑईलपेंट फासावा, कारण पाणी टोकांतूनच सर्वांत लवकर पळते. ओंडका सावलीत ठेवावा.

पहिल्या कातणीत वाडगा जाडच ठेवायचा. रुंदीचा दहावा हिस्सा ही भिंतीची जाडी. १० इंचांचा वाडगा असेल तर भिंत १ इंच. तो आपल्याच भुशात, कागदात गुंडाळून, वारा नि ऊन लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवून द्यावा. दर आठवड्याला तराजूवर तोलून वजन भुशाच्या पिशवीवर लिहावे. वजन उतरायचे थांबले की लाकूड घरातल्या हवेला लागले असे समजावे. यात चार ते सहा महिने जातात. वाडगा तोवर लंबगोल झालेला असतो. म्हणूनच भिंत जाड ठेवायची. मग पुन्हा लेथवर चढवून गोल करावा नि हवा तेवढा पातळ कातावा.

पटाशी धरण्याचा बाबांचा मंत्र एकच: "आधी टाच टेकवा, मग तोंड लावा." म्हणजे गोल पटाशीची उताराची बाजू आधी फिरत्या लाकडाला टेकवायची, मग मूठ हळूच उचलून धार लावायची. नुसती धार पुढे केली तर ती लाकडात रुतते नि हाताला हिसका बसतो. बाहेरून कातताना बुडाकडून काठाकडे जावे, आतून काठाकडून बुडाकडे. मग तंतू उपटले जात नाहीत. धार गेली की जोर लावू नये, थांबून धार लावावी.

शेवटी काचपेपर. मग जवसाचे कच्चे तेल पातळ हाताने चोळावे, काही दिवस सुकू द्यावे, पुन्हा चोळावे. जवसाचे तेल हवेत घट्ट होते. खोबरेल सुकत नाही, त्याला पुढे खवट वास येतो. रंगाच्या दुकानातले 'उकळलेले' जवस तेल खाण्याच्या भांड्याला नको, त्यात सुकवणारी औषधे असतात. वर मधमाश्यांचे मेण चोळले की झाले. असा वाडगा लाह्या, शेंगा, बोरे, हुरडा अशा कोरड्या जिनसांना वापरावा. धुवून लगेच पुसावा. पाण्यात भिजत किंवा उन्हात ठेवू नये.

कोणते लाकूड घ्यावे

शिकायला आंबा बरा. मऊ असतो, बिघडला तर हळहळ नाही. पण त्याला भुंगा लवकर लागतो. बोरीचे लाकूड तांबूस, घट्ट नि कातायला गोड, मात्र मोठा बुंधा मिळत नाही. सुबाभूळ सहज मिळते. चिंचेच्या गाभ्याचा रंग गडद असतो. पण लाकूड चिवट, दर थोड्या वेळाने पटाशीला धार लावावी लागते. कडुनिंबाचा वास नि कडूपणा रेंगाळतो. आमच्या कोरडवाहू भागाचे खरे लाकूड बाभूळच. जुने लोक बाभळीचे ओंडके काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवत, ते उगीच नव्हे. बाहेरच्या फिक्या लाकडातले पिठूळ द्रव्य पाण्यात उतरते आणि मग भुंग्याला खायला उरत नाही.

काही लाकडांना हात लावू नये. कण्हेर विषारी. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना धोका. बिब्बा उततो हे सांगायला नको. जुने रंगवलेले किंवा औषध मारलेले लाकूडही नको. बांधावरच्या झाडात खिळे नि कुंपणाची तार मुरलेली असते. लोहचुंबक फिरवून पाहावे.

आणि कायद्याची गोष्ट. आंबा, चिंच, जांभूळ, साग, चंदन अशी झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. झाड कोणतेही असो, आधी विचारा. हिवरे बाजारसारख्या गावांनी कुऱ्हाडबंदी पाळून आपले डोंगर हिरवे केले. तुमच्या गावाचा तसा ठराव असेल तर तोही कायद्याइतकाच माना. खरे म्हणजे वाडग्यासाठी झाड तोडायचे कारणच नाही. वाऱ्याने पडलेले, वठलेले, रस्त्याच्या कामात निघालेले लाकूड एका हौशी माणसाला वर्षभर पुरते.

जिवाला जपा

हे वाचल्याशिवाय लेथला हात लावू नका. ८ इंचांचा वाडगा मिनिटाला १,००० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याचा काठ ताशी ३८ किलोमीटर वेगाने पळत असतो. भेगाळलेला तुकडा सुटला तर तोंडावर येतो. ओबडधोबड ओंडका याच्या निम्म्या वेगाने फिरवावा, आणि उभे राहताना त्याच्या रेषेत उभे राहू नये. तोंडावर पारदर्शक ढाल, नाकावर फडके किंवा मास्क. उपरणे, मफलर, सैल बाह्या, मनगटातला दोरा, हातमोजे यांतले काही नको. बायकांनी पदर नि केस बांधून घ्यावेत. मोटर चालू करण्याआधी लाकूड हाताने एक फेरी फिरवून पाहावे. पटाशी टेकवायची पट्टी सरकवायची असेल तर आधी मोटर बंद.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून ढिगात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेतात. शेजारी कडब्याची गंजी असेल तर काय होईल ते सांगायला नको. फडकी एकेक करून उघड्यावर दगडाखाली पसरून वाळवावीत.

हा धंदा आहे का?

आता त्या दिवशीच्या प्रश्नाकडे वळू. लाकूड कातून पोट भरणारी माणसे आहेत. आपल्या सावंतवाडीत चितार आळीतली लाकडी फळे नि खेळणी प्रसिद्ध आहेत. कर्नाटकात चन्नपट्टणला फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात. घासल्याच्या उष्णतेने लाख वितळून रंग बसतो आणि केवड्याच्या पानाने चकाकी आणतात. पण त्यांच्यामागे पिढ्यांचे हात आहेत, बाजार आहे. आपण सहा महिन्यांत दोन वाडगे करणारी माणसे. यासाठी कर्ज काढू नका, आणि कोणी योजना म्हणून गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, हे मी विस्तार अधिकारी म्हणून सांगतो.

इंग्लंडमध्ये बकलबरी नावाच्या गावी जॉर्ज लेली नावाचा कातारी होता. बापजाद्यांपासून वाडगे करायचा धंदा. पायाने चालणारे लेथ, एल्म झाडाचे ओले लाकूड. एकाच ओंडक्यातून तो एकाच्या आत एक असे वाडगे काढी, म्हणजे लाकूड वाया जायला नको. आपल्या काटकसरी शेतकऱ्याला आवडावा असाच माणूस. १९५८ साली तो वारला आणि चालवणारा कोणी उरला नाही. त्याचे लेथ आता रीडिंगच्या ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात आहे. पुढे त्या देशातल्या हौशी लोकांनी असली लेथे पुन्हा करून ती विद्या शिकून घेतली. पण शिकवायला लेली नव्हता.

आमच्या बाबांचा नातू सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या लेथवर काम करतो. चांगला कारागीर आहे. आजोबा कसले लेथ चालवीत ते त्याने पाहिलेच नव्हते. माझ्याकडे लेथ आल्यावर एका रविवारी तो सहज आला. बाबा खाटेवरून सांगत होते, तो उभा राहून ऐकत होता. मग म्हणाला, "आमच्याकडं पण असंच हाय की. काम फिरतं आन् टूल थांबतं." बाबांनी काही न बोलता पटाशी त्याच्या हातात दिली. त्या दिवशी मी मोटर बंद-चालू करण्यापुरताच उरलो.

बाभळीचे काय

बाभूळ पाडण्याचा माझा हिशेब अगदीच खोटा नव्हता. सावलीने ज्वारी बसते, हे खरेच. पण मी सांगत असे ते अर्धेच होते. रब्बीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून सावली उत्तरेला पडते. शेताच्या उत्तरेच्या बांधावर झाड असेल आणि पलीकडे रस्ता किंवा ओढा असेल, तर पिकावर सावली जवळजवळ येतच नाही. पलीकडे शेजाऱ्याचे शेत असेल तर मात्र त्याला विचारावे. बाकीच्या बांधांवरची झाडे मुळासकट काढण्याऐवजी पेरणीच्या आधी त्यांच्या फांद्या छाटाव्यात. पाला शेळ्यांना, काटेरी फांद्या कुंपणाला, बुंधा वाढत राहतो. आता मी बैठकांत असे सांगतो. आमच्या ओढ्याकडच्या बांधावर दोन बाभळी आपोआप आल्या आहेत. वडिलांनी केले होते तसे त्यांना काटे लावून ठेवले आहेत.

वडिलांच्या बाभळीचे शेवटी चार वाडगे झाले. पहिला फुटका माझ्या टेबलावर असतो. कार्यालयात येणारे विचारतात, हा फुटका कशाला ठेवलाय? त्यांना ही सगळी हकिकत सांगतो. दोन घरात आहेत. चौथा बाबांना नेऊन दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, अंगठ्याने काठ फिरून पाहिला, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला.

"भिंत जरा जाड ऱ्हायली, भाऊसाहेब," म्हणाले. मग सूनबाईंना हाक मारून त्यात बोरे आणायला सांगितली.

तर मित्रांनो, एका वाडग्यामागे किती सुटते ते मला अजून सांगता येत नाही. तुमच्या बांधावर एखादे झाड पडलेले असेल तर जळणाच्या गाडीत चढण्याआधी गावच्या म्हाताऱ्या सुताराला एकदा दाखवा. त्यांना त्यात काय दिसते ते लिहून घ्या आणि मला कळवा. पुढच्या खेपेला हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल बोलू.